सात किलोंची रंगीत तालीम

रेनीरनं तक्ता केला तेव्हा त्यात दोनच रकाने होते: राहतं शहर लायडन आणि जायचं की नाही ते शहर लेवार्डन. रविवारी कॉफी पिता पिता, पाकिटाच्या मागच्या बाजूला केलेला साधा तक्ता. पुढच्या रविवारपर्यंत त्याचे एकोणतीस रकाने झाले, पाकिटाच्या जागी भिंतीवर चिकटवलेला कागद आला, आणि घरात वावरताना त्या कागदाला खांदा लागू नये म्हणून इफ्के आडवी चालायला लागली.

रेनीर शाळेत गणित शिकवायचा. इफ्के, त्याची बायको, पुलावर होती. बोट आली की रस्ता अडवायचा, पूल उचलायचा, बोट गेली की पूल खाली सोडायचा आणि या सगळ्यात थांबलेल्या सायकलवाल्यांच्या शिव्या दिवसातून चाळीस वेळा शांतपणे ऐकून घ्यायच्या, हे तिचं काम. तेरा वर्षांत तिनं एकदाही उलटून शिवी दिली नव्हती. रेनीरला वर्गात तेरा मिनिटंसुद्धा हे जमत नसे, आणि त्यामुळे त्याला आपल्या बायकोबद्दल जो आदर होता त्यात थोडी असूयाही मिसळलेली होती.

तर इफ्केची पुलावरची केबिन बंद व्हायची होती. तिकडे उत्तरेला लेवार्डनमध्ये नवा नियंत्रण कक्ष उघडला होता, तिथं एका खोलीत बसून पडद्यांवर बघत वीस-बावीस पूल हलवायचे होते. तिला बढतीची जागा देऊ केली होती. आधी एक आठवडा येऊन काम करून बघा, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही सांगा.

एवढंच असतं तर तक्त्याला दोन रकाने पुरले असते. पण इफ्के पस्तिशीची होती, आणि दोघांना मूल हवं होतं. आधी शहर बदलायचं आणि मग मूल, की आधी मूल आणि मग शहर, की मूल झाल्यावर शहर बदलायचंच नाही? शिवाय त्या पोराला शाळा कुठली, दाई कुठली, आजी किती तासांवर? रेनीरनं प्रत्येक प्रश्नाला एक रकाना दिला आणि प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण.

त्यात त्याच्या आईचा, हेर्मीनबाईंचा वाढदिवस आला, आणि तो रेनीर-इफ्केच्याच घरी होता. पाहुणे नेहमीप्रमाणे भिंतीला लागून गोल खुर्च्या मांडून बसले, प्रत्येकाच्या मांडीवर केकचा एक तुकडा, आणि मध्ये रिकामा गालिचा. अशा गोलात एकदा विषय निघाला की तो प्रत्येक खुर्चीवरून फिरून येतो, मध्येच उतरत नाही.

"लेवार्डनला वारा फार," मामा म्हणाले. "पोर उडून जाईल."

"त्यांची भाषासुद्धा वेगळी आहे," मावशी म्हणाली. "उद्या तुझं पोर तुला काही बोललं आणि ते तुला कळलंच नाही तर?"

"मला वर्गातल्या पोरांचंही कळत नाही," रेनीर म्हणाला. त्यावर कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना ते खरं वाटलं.

खालच्या मजल्यावरचे हाउटमनकाका आमंत्रण नसताना आले होते, पण केक दुसऱ्यांदा घेत होते. "मी स्पष्टच सांगतो," ते म्हणाले. न सांगता राहण्याची त्यांची पद्धतच नव्हती. "तुमचा जिना बघितलाय का? जिना नाही, शिडी आहे ती. त्याच्यावरून पोट घेऊन ही बाई चढणार कशी? जा तुम्ही. पण जाऊ नका. तुमचं कपड्यांचं मशिन थरथरायला लागलं की मला झोप लागते."

हेर्मीनबाई सुनेच्या पोटाकडे बघत होत्या, आणि आपण बघत नाही असं दाखवायला केककडे बघत होत्या.

शरदाच्या सुट्टीला शाळा बंद झाली आणि इफ्केचा चाचणीचा आठवडा त्याच सुट्टीत बसला. सोबत जायचं ठरल्यावर रेनीरच्या डोक्यात एक कल्पना आली. नुसतं शहर बघून काय कळणार? मूल घेऊन बघितलं पाहिजे. फुटपाथ किती उंच, बसमध्ये गाडी चढते का, दुकानाचं दार किती रुंद, हे सगळं बाबागाडी ढकलल्याशिवाय कळायचं नाही. त्यानं बहिणीकडून, हादेविखकडून, तिची जुनी बाबागाडी मागून आणली.

"कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"मी? मी कशाला सांगते?" हादेविख म्हणाली.

इफ्केनं आगगाडीत त्या रिकाम्या बाबागाडीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि खिडकीबाहेर गाई मोजायला लागली. "तू कर तुला काय करायचं ते," एवढंच म्हणाली. ती असं म्हणाली की त्याचा अर्थ काय असतो, हे लग्नाला सात वर्षं होऊनही रेनीरला ठरवता आलेलं नव्हतं.

सोमवारी ती कामाला गेली आणि रेनीर भाड्याच्या खोलीत फोन घेऊन बसला. पहिला फोन पाळणाघराला.

"बाळाची जन्मतारीख?" पलीकडची बाई म्हणाली.

"अजून झालेलं नाही."

"हरकत नाही, बरेच जण आधीच नाव घालतात. अपेक्षित तारीख?"

"ती अजून ठरलेली नाही."

"म्हणजे डॉक्टरनं सांगितली नाही?"

"म्हणजे आम्ही ठरवलेली नाही."

पलीकडे बराच वेळ टंकनाचा आवाज येत राहिला. "अहो, यादी चौदा महिन्यांची आहे," बाई अखेर म्हणाली. "तुम्ही आज ठरवलंत तरी पाच महिने उशीर झालाय."

डॉक्टरच्या दवाखान्यात नाव घालायला शहरातला पत्ता लागत होता. पत्ता मिळण्यासाठी घर लागत होतं. घराच्या अर्जाला नोकरीचं पत्र लागत होतं. आणि नियंत्रण कक्षाकडून नोकरीचं पत्र मिळायला, अर्ध्या तासात कामावर पोचता येईल असा शहरातला पत्ता लागत होता. रेनीरनं हे कागदावर काढून बघितलं. अगदी नेटकं वर्तुळ झालं. शिक्षक म्हणून त्याला ते आवडलं, माणूस म्हणून रडू आलं.

रोज संध्याकाळी इफ्के कामावरून यायची आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी नवं असायचं. ती पडद्यांबद्दल सांगायची, एका नावाड्यानं वायरलेसवर गाणं म्हणून दाखवलं त्याबद्दल सांगायची. रेनीर तिला पाळणाघराच्या यादीबद्दल सांगायचा. मग ती उठून भांडी घासायला लागायची.

"तुला जागा आवडली का?" मंगळवारी त्यानं विचारलं.

"तुझा तक्ता पूर्ण होऊ दे," ती म्हणाली. "मग सांगते."

बुधवारी त्यानं रिकामी बाबागाडी शहरभर फिरवली, आणि त्याच्या लक्षात आलं की रिकाम्या गाडीनं काहीच सिद्ध होत नाही. ती फुटपाथच्या प्रत्येक कट्ट्यावर उडी मारून चढत होती. सहा महिन्यांच्या बाळाचं वजन साधारण सात किलो असतं, हे त्यानं शोधून काढलं आणि गुरुवारी सकाळी तो भाजीवाल्याकडे गेला.

"सात किलो बटाटे."

"उकडायला की तळायला?"

"फिरवायला," रेनीर म्हणाला.

भाजीवाल्यानं मान हलवली. या शहरात लोक दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाहीत, हे रेनीरनं लगेच दहापैकी आठ गुण देऊन नोंदवलं. ते गुण त्याला तासाभरात मागे घ्यावे लागणार होते.

बटाटे उघडे दिसणं बरं नव्हतं, म्हणून त्यानं ते पांघरुणात गुंडाळले आणि वरून आणखी एक पांघरूण टोकापासून टोकापर्यंत नीट खोचलं. आता मात्र गाडी खऱ्या गाडीसारखी चालायला लागली. दगडी रस्त्यावर ढकलताना खांदे भरून येत होते. कालव्याच्या काठाने तो चालला तेव्हा येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडे बघून हसली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. आणि खरं सांगायचं तर रेनीरला ते फार आवडलं. दहा मिनिटं तो तक्ता विसरला. एका वळणावर गाडी जरा हादरली तेव्हा त्याच्या तोंडून "झालं, झालं, काही नाही," असं निघूनसुद्धा गेलं. आजूबाजूला बघून त्यानं घसा खाकरला.

बेकरीच्या दारातून गाडी आत जाईना. दार किती सेंटीमीटरनं कमी पडतंय ते आतून मोजायला म्हणून रेनीरनं गाडी बाहेर उभी केली, चाकाला खिट्टी लावली आणि टेप घेऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा गाडीवर एक उंच, पांढऱ्या केसांची बाई वाकलेली होती. हातात पावाची पिशवी, अंगात जाड निळा कोट.

"हे तुमचं?" ती म्हणाली.

"हो."

"तोंडावरून पांघरूण घातलंय. गुदमरेल ना ते!"

"नाही हो, त्याला सवय आहे."

बाईनं सरळ उभं राहून त्याच्याकडे बघितलं. "किती महिन्यांचं आहे?"

रेनीर गडबडला. "सात किलोंचं," तो म्हणाला.

"मी महिने विचारले. रडत का नाही? हलत का नाही?"

"स्वभावानं शांत आहे."

एव्हाना पाव घ्यायला आलेली पाच-सहा माणसं थांबली होती. दोन सायकली थांबल्या. पुढं काय होणार हे रेनीरला कळलं होतं, पण त्याचे पाय बेकरीच्या पायरीला चिकटले होते. बाईनं पिशवी खाली ठेवली, सराईत हातानं पांघरूण मागे घेतलं, मग आतलं पांघरूण मागे घेतलं.

वरचा एक बटाटा कलंडला, गाडीतून खाली पडला, दगडी रस्त्यावरून सावकाश उड्या मारत गेला आणि डुबुक करून कालव्यात पडला. सगळ्यांनी तो पडेपर्यंत बघितला.

"बापावर गेलंय," सायकलवाला म्हणाला.

मग जो हशा उसळला तो बेकरीच्या काचा हलवणारा होता. रेनीरनं खुलासा करायचा प्रयत्न केला. तक्ता, रकाने, कट्ट्यांची उंची. खुलाशानं हसणं वाढलं. एकानं "नाव काय ठेवलंत?" असं विचारलं, आणि बेकरीवाली डोळे पुसत बाहेर आली. फक्त ती निळ्या कोटातली बाई हसली नाही. तिनं पांघरूण पुन्हा खोचलं, आणि तेही छातीपर्यंतच.

"चल माझ्याकडे," ती म्हणाली. "चेहरा बघ स्वतःचा. कॉफी घे आधी."

बाईचं नाव चित्स्के बाऊमा. घर कालव्याच्या पलीकडे, स्वयंपाकघरात चुलीजवळ दोन खुर्च्या. चाळीस वर्षं त्या बाळंतिणींच्या घरी जाऊन राहत होत्या. मूल झालं की पहिले आठ दिवस आईला धुवायचं-पुसायचं, बाळाला अंगावर प्यायला शिकवायचं, आणि बापाला काय करू नये ते शिकवायचं, हे त्यांचं काम.

"किती घरं बघितली असतील?" रेनीरनं विचारलं. आकडा विचारल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

"हजाराच्या वर. एका घरात जिनाच बसवलेला नव्हता. आठ दिवस मी शिडीनं वर-खाली केलं, कमरेवर टब घेऊन. एका घरी भिंतीला अर्धाच कागद लावलेला, नवरा उरलेला लावत होता आणि बायको कळा देत होती. तयार असं एकही घर मी बघितलं नाही. एक होतं तयार. त्या घरात सगळं होतं आणि नवराच नव्हता, तो आदल्या आठवड्यात निघून गेला होता." त्यांनी कॉफीत साखर टाकली. "तुला नक्की भीती कसली वाटते रे?"

रेनीरनं कॉफीचा कप बाजूला ठेवला. मग त्यानं आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट या अनोळखी बाईला सांगितली. गेल्या वर्षी इफ्केला दिवस गेले होते. दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. कोणाला सांगितलेलं नव्हतं, म्हणून कोणी विचारलंही नाही. इफ्के तिसऱ्या दिवशी पुलावर गेली. तो वर्गात गेला आणि अपूर्णांक शिकवून आला.

"मी काहीतरी मोजायचं विसरलो असेन, असं वाटत राहतं," तो म्हणाला.

बाऊमाबाईंनी गाडीतले बटाटे उचलून पाण्यात टाकले आणि सोलायची सुरी त्याच्या हातात दिली. त्याचे तीन सोलून होईपर्यंत त्यांचे अकरा झाले होते.

तेवढ्यात फोन वाजला. इफ्के होती, आणि तिचा आवाज त्यानं आजवर कधी ऐकला नव्हता असा होता.

"तुझ्या आईचा फोन आला होता. नियंत्रण कक्षात. सगळ्यांसमोर. अभिनंदन करायला."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल! बाबागाडीबद्दल! हादेविखनं फक्त आईला सांगितलं म्हणे. आईनं बाळ झालं की वाटायचे ते टोस्ट आणलेत, त्यांच्यावर घालायची गुलाबी आणि निळी बडीशेप आणलीय, दोन्ही रंगांची, कारण कोणता लागेल ते माहीत नाही. इथं माझ्या खोलीतल्या चौघांनी उठून टाळ्या वाजवल्या, रेनीर. आणि मला सांगावं लागलं की नाही, तसं काही नाही. एकेकाला. तू कुठं आहेस?"

त्यानं पत्ता सांगितला.

ती आली ती कोट न काढता दारातच उभी राहिली. बाऊमाबाईंनी तिला बघितलं आणि जायला उठल्या. "थांबा," इफ्के म्हणाली. "तुमचंच घर आहे. आणि कोणीतरी साक्षीला असू दे." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "वर्षभर तू मला विचारलं नाहीस की मी कशी आहे. तू मोजत होतास. पाळणाघर, कट्टे, वारा. मला वाटलं तुला ते आठवतच नाही."

"मला दुसरं काही आठवतच नाही," रेनीर म्हणाला.

"मग बोलायचं ना रे!"

"मला वाटलं, बोललो की तुला त्रास होईल."

"आणि आज काय झालं?"

रेनीरनं सुरी खाली ठेवली, हात पँटला पुसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठलाही आराखडा न करता एक गोष्ट केली. त्यानं आईला फोन लावला, तिथंच, दोघींसमोर.

"आई, इफ्केला दिवस गेलेले नाहीत. ती गाडी मी आणली होती, बटाटे फिरवायला. ते नंतर सांगतो. आई, गेल्या वर्षी गेले होते. दहा आठवड्यांनी गेलं ते. आम्ही तुला सांगितलं नाही. चूक माझी आहे." बोलता बोलता तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पलीकडून हेर्मीनबाई म्हणाल्या, "इफ्केला दे."

इफ्केनं फोन घेतला. सासू काय बोलली ते तिनं नुसतं ऐकलं, "हो" म्हणाली, पुन्हा "हो" म्हणाली, आणि शेवटी रडता रडता तिला हसू फुटलं.

"काय म्हणाली?" रेनीरनं विचारलं.

"म्हणाल्या, बडीशेप खराब होत नाही. डबा घट्ट लावून ठेवते. आणि मला विचारलं, पोरी, तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?"

बाऊमाबाईंनी बटाटे चुलीवर चढवले, त्यात केल या पालेभाजीची चिरलेली पानं घातली, वर सॉसेज ठेवलं. तिघांनी पोटभर जेवण केलं. जेवताना रेनीरनं कालव्यात पडलेल्या बटाट्याची हकीगत सांगितली, सायकलवाला काय म्हणाला तेही सांगितलं, आणि इफ्के इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. वर्षभरात ती अशी हसलेली त्यानं बघितली नव्हती. तिच्याकडे बघताना त्याला वाटलं, ही बाई तिसऱ्या दिवशी पुलावर गेली, रोज चाळीस वेळा शिव्या ऐकल्या आणि एकदाही कोणावर पूल टाकला नाही. आपण कसले गुण देत बसलो होतो?

शुक्रवारी सकाळी दोघं उसन्या सायकलींवरून नियंत्रण कक्षाकडे निघाले. काय ठरवायचं यावर ते वाटेत बोलत होते, आणि बोलणं इतकं चाललं की वाटेतल्या पुलापाशी पोचायला पावणेबारा झाले. तेवढ्यात लाल दिवा लागला, फाटक खाली आलं आणि पूल वर गेला.

समोरून एक जुनी मालबोट येत होती. तिला अजिबात घाई नव्हती. मागच्या बाजूला दोरीवर कपडे वाळत होते, एक माणूस पाइप ओढत सुकाणूला टेकून उभा होता. मागं सायकलींची रांग लागली. कोणी घंटा वाजवली, कोणी पूल चालवणाऱ्याच्या आईबापांची विचारपूस केली.

"बारा वाजतील," रेनीर म्हणाला.

"वाजू देत. बघ किती छान करतोय तो," इफ्के पुलाकडे बघत म्हणाली. "बोट पूर्ण बाहेर पडल्याशिवाय खाली घेत नाहीये. लोक ओरडतायत तरी." ती हे एखाद्या गवयानं दुसऱ्या गवयाबद्दल बोलावं तसं बोलत होती. तिचे गाल वाऱ्यानं लाल झाले होते.

"तुला इथं यायचंय," रेनीर म्हणाला.

"सोमवारी पहिल्याच दिवशी वाटलं, यायचंय. पण एकटीनं ठरवायचं नव्हतं. आणि रेनीर, मला भीती वाटतेच. इथंही वाटेल, तिथंही वाटेल."

"मलाही वाटते. फोन लाव."

तिनं साहेबांना फोन लावला. डाउवेसाहेबांचा आवाज इतका मोठा होता की शेजारच्या सायकलवालीलाही ऐकू येत होता. "अहो, कुठं आहात? बारा वाजत आले!"

"तुमच्याच पुलापाशी अडकलेय. तुमच्या माणसाला घाई करू नका म्हणावं. मी येते आहे, साहेब."

"ते दिसतंय मला, पडद्यावर. पण जागेचं काय?"

"तेच सांगतेय. येते आहे. कायमची."

"वा! मग पत्राचं आणि पत्त्याचं ते त्रांगडं मी सोडवतो, आमच्याकडे एक घर आहे. अर्जात लिहायला विचारतो, माणसं किती?"

इफ्केनं रेनीरकडे बघितलं. सोपा प्रश्न होता. पहिलीतल्या पोरालाही उत्तर आलं असतं. गणिताच्या मास्तराला मात्र ओठ घट्ट मिटून घ्यावे लागले, आणि मग तो फोनकडे वाकून म्हणाला, "सध्या दोन."

"सध्या म्हणजे?"

"म्हणजे सध्या," इफ्के म्हणाली, आणि तिनं नवऱ्याचा थंड पडलेला हात आपल्या कोटाच्या खिशात ओढून घेतला.

"बरं," साहेब म्हणाले. "एक खोली जास्तीची बघतो."

पूल कधी खाली आला आणि फाटक कधी वर गेलं, ते दोघांनाही कळलं नाही. मागं पन्नास सायकली उभ्या होत्या.

"ओ पाहुणे!" कोणीतरी ओरडलं. "हिरवा लागलाय! लाड घरी जाऊन करा!"

"जातो, जातो," रेनीर म्हणाला, आणि पायडलवर पाय ठेवून पुलावर चढला.